चौकोनी कलिंगडाच्या शेजारी

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता ज्यांना तुम्ही ओळखतही नाही अशा किती माणसांचे फोटो पडून आहेत, आणि त्यांतल्या एकाला तरी कुणी विचारलं होतं का?

उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. तोवर मी नारायणगावातल्या एका दुकानाबद्दल सांगते.

एस.टी. स्टँडपासून थोडं आत, खताच्या दुकानाला लागून एक गाळा होता. पुढच्या बाजूला टायपिंग, लग्नपत्रिका, हँडबिलं. मागच्या बाजूला प्लायवूडचे कप्पे करून त्यांत संगणक मांडलेले आणि प्रत्येक कप्प्याला फुलाफुलांचा पडदा. वारूळवाडीहून चालत कॉलेजला येणारी आम्ही पोरं-पोरी निकाल बघायला, अर्ज भरायला तिथे जायचो. दुकानदाराला सगळे भाऊ म्हणायचे. माणूस बोलका, चहा पाजणारा. त्याला एक नाद होता. इंटरनेटवर जे काही अजब दिसेल, ते तो रंगीत छापून काढायचा आणि दाराबाहेरच्या फळ्यावर चिकटवायचा. वर ठळक अक्षरांत 'जगातली नवलाई', आणि प्रत्येक फोटोखाली मार्करने स्वतःची एक ओळ.

मला तो फळा आवडायचा. एकदा त्याने जपानमधलं चौकोनी कलिंगड लावलं होतं. काचेच्या पेटीत वाढवलेलं. टोमॅटो घेऊन आलेले शेतकरी त्याच्याभोवती गोळा झाले.

"क्रेटमध्ये बरं बसंल राव," एक जण म्हणाला.

"बसंल की. पर व्यापारी म्हणंल कोपऱ्याला मार लागलाय, भाव पाड."

"आन् बी कुठलं ते लिव्हलंय का बघ, भाऊ."

खाली भाऊची ओळ होती, 'आपण अजून गोलच!' सगळे हसले, मीही हसले. वाळवंटात पडलेला बर्फ, दोन तोंडांचा साप, झाडावर चढलेल्या बकऱ्या, सगळं त्या फळ्यावर यायचं. आमच्या तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेली माणसं त्या कागदांसमोर उभी राहून जगाबद्दल बोलायची. यात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. नवल वाटणं ही चांगली गोष्ट आहे. पण हळूहळू फळ्यावरची फळं आणि बकऱ्या कमी झाल्या आणि माणसं वाढली. हातभर नखं वाढवलेला म्हातारा. अंगावर गाठीच गाठी असलेला कुणी. एका मुलीच्या चेहऱ्यावर केस होते, तिच्याखाली भाऊने लिहिलं होतं, 'स्थळ सुचवा'. त्या दिवशीही लोक हसले. कलिंगडाला हसले होते तसेच. मी तो कागद ओढून काढला. भाऊ म्हणाला, "अगं, ती कुठं इथं येऊन वाचणाराय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता आमच्या घराबद्दल. मी पत्रकांवर वाढले. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सकाळी दूध डेअरीत माप घालायचे आणि दुपारी पत्रकं लिहायचे. जत्रेतल्या बोकडबळीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यातून अंगारा काढणाऱ्या बुवांविरुद्ध. नव्वदच्या दशकात ती जुन्नरच्या एका छापखान्यात खिळ्यांवर जुळवली जायची. शाई वाळायच्या आत दादा गठ्ठा घरी आणायचे, त्यामुळे आमच्या चादरींवर उलटी अक्षरं उमटलेली असायची. माझी बेरीज-वजाबाकी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. बाजारच्या दिवशी मी दादांबरोबर मंचरला, घोडेगावला जायचे आणि लोकांच्या हातात कागद द्यायचे. कुणी घ्यायचं, कुणी चुरगाळायचं, एकाने माझ्यादेखत त्यात भजी बांधून घेतली. दादांचा नियम होता की पत्रक भिरकवायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायचं. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाला दोन गोष्टी असायच्या. एक, दादांचं पूर्ण नाव आणि पत्ता, म्हणजे ज्याला राग येईल त्याला घर शोधत फिरायला नको. दुसरी, ही ओळ: 'वाचा आणि दुसऱ्याच्या हाती द्या.'

त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

दादांच्या पत्रकांचा एक विषय जट हा होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. केसांत गुंता होतो, तो सुटत नाही, मग कुणीतरी म्हणतं देवीची जट आली, आता कात्री लावायची नाही, कोप होईल. ती वाढत जाते. दोरखंडासारखी जड होते. धुतली तर दिवसभर ओली राहते, आत उवा होतात, वास येतो, मान दुखते, एका कुशीवर झोपता येत नाही. आणि बाई हे सगळं देवीचं म्हणून सोसते. दादा आणि त्यांचे दोन-तीन मित्र अशा बायकांकडे पुन्हा पुन्हा जायचे. वाद घालायचे नाहीत. चहा प्यायचे, गप्पा मारायचे. बाई स्वतः हो म्हणाली तरच कात्री काढायचे.

पश्चिमेकडच्या डोंगरातली एक बाई अशीच हो म्हणाली. तिच्या वाडीचं नाव मी लिहिणार नाही. ती भाताची लावणी उरकली की जावेबरोबर खाली नारायणगावला यायची. स्टँडजवळ डोंगराकडची माणसं कामासाठी थांबतात, शेतकरी येऊन त्यांना टोमॅटोच्या तोडणीला नेतात. तोडणीत भरलेला क्रेट डोक्यावरून बांधावर आणायचा असतो. जटेवर कापडाची चुंबळ बसायची नाही, क्रेट कलंडायचा, मुकादम ओरडायचा. दोन्ही जावांना जट होती. थोरलीची जुनी आणि जड, धाकटीची मानेपर्यंत. हो म्हणाली ती धाकटी. मी तिला मावशी म्हणायचे.

तिच्या अटी दोनच होत्या. "माझं त्वांड कुणाला दिसाया नको. आन् जट मी माझ्या हातानं कुकडीत सोडणार. तुमी घेऊन जायाची नाय."

दादांना ती जट व्याख्यानात दाखवायला हवी होती. ते तिला समजावू लागले, नदीत सोडणं हीसुद्धा अंधश्रद्धाच. मावशी उठून उभी राहिली. "मंग राहू द्या. हाय तशी बरी हाय." दादांनी हात जोडले आणि जट तिची झाली. फोटो मात्र काढला. पुण्याहून आलेल्या एका कार्यकर्त्याकडे डिजिटल कॅमेरा होता. आधीचा एक, नंतरचा एक. चळवळीत तशी पद्धतच होती, पुरावा हवा, अहवालाला हवा, पुढच्या बाईला दाखवायला हवा. पत्रकात डोळ्यांवर काळी पट्टी टाकू, असं दादांनी मावशीला सांगितलं आणि खरोखरच टाकली. कापलेली जट कपड्यात गुंडाळून मावशी डोंगराकडच्या एस.टी.त बसली, तेव्हा ती मान सारखी इकडून तिकडे वळवून बघत होती. हलकी झालेली मान. तिला बघून थोरली म्हणाली, "सुगी झाली की माझी बी काढा." दादा त्या दिवशी डेअरीत सगळ्यांना पेढे वाटून आले.

ते पत्रक भाऊच्या दुकानात जुळवलं होतं. छापखाना बंद पडल्यापासून सगळं तिथेच व्हायचं. काळी पट्टी भाऊनेच टाकली. फोटोंची सीडी त्याच्याकडेच राहिली. परत मागायची कुणाला आठवण झाली नाही.

थंडीच्या दिवसांत कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला हसत हसत सांगितलं, "आपल्या भागातलं काहीतरी नेटवर आलंय, सगळे एकमेकांना पाठवतायत." तिच्या भावाला पुण्यातल्या कंपनीत मेल आला होता, तो त्याने तिला पाठवला होता. मेल एका गटाचा होता, आपल्या तालुक्यांतून बाहेर गेलेल्या लोकांच्या, पुण्यातले, दुबईचे, अमेरिकेतले. रोज एकमेकांना गमती पाठवायचे. आम्ही त्या दुकानातल्या एका कप्प्यात बसून तो मेल उघडला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना हे कळणार नाही. फोटो एकदम दिसायचा नाही. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, वरून एकेक पट्टी उतरायची. आधी मागची कुडाची भिंत आली. मग केस आले, तो जाड करडा दोर. मग कपाळ, त्यावरचं गोंदण. मैत्रीण म्हणाली, "ई, काय गं हे!" मी पुढच्या पट्टीची वाट बघत होते. काळ्या पट्टीची. आणि काळी पट्टी आली नाही, डोळे आले. मावशीचे, सरळ माझ्याकडे बघणारे. मी उठून बटण दाबून संगणक बंद केला, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, खाली कॉमेंट वाच ना, मजा आहे."

मी पुन्हा सुरू केला आणि वाचल्या. मराठीच होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. 'आपल्या तालुक्याचं टॅलेंट.' 'वहिनी शाम्पू कोणता वापरतात?' 'विहिरीला दोर म्हणून लावा.' 'कापलेली जट विकत मिळेल का, शोकेसमध्ये ठेवतो.' एका भाविकाला इतरांचा राग आला होता. त्याने लिहिलं होतं, 'हसू नका, देवीचं आहे, नमस्कार करून दहा जणांना पाठवा, आठ दिवसांत चांगली बातमी येईल.' आणि सगळ्यात खाली एक जण, नम्रपणे: 'ओरिजिनल मोठ्या साइजमध्ये आहे का? ऑफिसात कुणी विश्वास ठेवत नाही.'

मला ओकारी आली. अलंकार म्हणून म्हणत नाही. मी बाहेर जाऊन खताच्या दुकानामागे ओकले. मला किळस जटेची कधीच आली नव्हती. तिच्यात उवा वळवळताना मी पाहिल्या होत्या, कापताना तो वास माझ्या ओढणीला लागला होता, तरी मी तिथेच बसून होते. ही किळस स्वच्छ आंघोळ करून एसीत बसलेल्या माणसांची होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या आजीने कधी ना कधी अशा बाईच्या पाया पडून ओटी भरली असेल. तेव्हा ती देवी. आता ती गंमत. मधल्या मध्ये तिची मान दुखत होती, हे ना तेव्हा कुणी विचारलं ना आता.

तोंड धुऊन परत आले तेव्हा फळ्याकडे लक्ष गेलं. कलिंगड अजून होतं, उन्हाने फिकं पडलेलं. त्याच्या शेजारी नवा कागद. मावशी. खाली भाऊची ओळ, 'नवल शोधायला जपानला कशाला जाता?'

कागद फाडला आणि दादांना घेऊन आले. दादा भाऊसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी विचारलं, "पट्टी कुठंय?"

"दादा, पट्टीनं फोटूला मजाच राहत नाय," भाऊ म्हणाला. मग दादांचा चेहरा बघून जरा सावरला. "रागावू नका. आवं, तुमचं पत्रक मंचरच्या पुढं जात नाय. माझ्यामुळं बाई दुबईला पोचली. जागृतीच झाली न्हवं?"

"तिला विचारलं होतंस?" मी ओरडले.

"तुमीच लिव्हता की खाली, वाचा आन् दुसऱ्याच्या हाती द्या. मी दिलं. तवा चालतं, आता नाय चालत व्हय?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. दादांनी सीडी मागून घेतली, संगणकातला फोटो समोर उभं राहून पुसायला लावला. भाऊने निमूट पुसला. "पर दादा, गेलं ते गेलं," तो म्हणाला, "ते आता काय माघारी येत नसतं."

मी त्या गटाला मेल लिहिला. इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं टाइप होत नव्हती. ही बाई कोण आहे हे मला माहीत आहे, लिहिलं. ती माणूस आहे, लिहिलं. तिने कोणती अट घातली होती ते लिहिलं, आणि तळाला माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला, घरच्या रीतीप्रमाणे. उत्तरं आली. 'ताई, लाइटली घ्या.' 'कौतुकानेच टाकलंय.' 'तुमच्याकडे अजून असे फोटो आहेत का?' एकाच्याही खाली नाव नव्हतं. पत्रक वाटणारा माणूस आपलं दार उघडं ठेवून वाटतो, लोक त्या दारावर शेण मारून जातात, आमच्या दारावर मारलेलं आहे. ही माणसं पडद्याआड बसून दुसऱ्याच्या दारावर मारत होती. यात मला कुठेही गंमत दिसली नाही. आजही दिसत नाही.

मला एकच आशा होती, भाऊच्याच वाक्याची. ती कुठं इथं येऊन वाचणाराय? मावशीला वाचता येत नव्हतं. डोंगरात तेव्हा मोबाइलला रेंजही नव्हती. तिला कळणार नाही.

पुढच्या तोडणीला दोघी जावा खाली आल्या तेव्हा मी मुद्दाम स्टँडकडे गेले. थोरली शब्द देऊन बसली होती, दादा तिच्यासाठी कात्रीला धार लावून तयार होते. मावशी मला बघून उठली नाही. पदर पुढे ओढून बसून राहिली. काय झालं ते थोरलीने सांगितलं. आळे गावाकडचा एक बागायतदार माणसं न्यायला आला होता. त्याच्या पोराने मावशीकडे बघितलं, मग मोबाइलकडे, मग पुन्हा मावशीकडे. आणि ट्रॅक्टरवरूनच ओरडला, "आरं, हीच ती! नेटवाली!" सगळ्या मजुरांत तो मोबाइल फिरला. बाप म्हणाला, "तिला घ्या की, निदान तोडणीला करमणूक." मावशी त्या ट्रॅक्टरवर चढली नाही. तेव्हापासून तिला नेटवाली म्हणतात, तिच्या वाडीतली माणसंसुद्धा.

मी म्हणाले, "मावशी, दादांनी पट्टी टाकली होती. दुकानदाराने..."

"मला ठावं हाय तुमी नाय केलं," मावशी म्हणाली. "पर त्यात मी हाय ना? मी मेल्यावानी बसल्ये आन् लोक येऊन बघून जात्यात. जट व्हती तवा निदान लोक पाया पडायची."

थोरलीने मान हलवली. इतक्या जड डोक्याने मान हलवायची म्हणजे दोन्ही हातांनी जट धरावी लागते. "माझी राहू दे," ती म्हणाली. "काढताना फोटू काढत्यात."

"नाही काढणार. शप्पथ."

"तू नाय काढणार गं पोरी. पर तुझ्या मागं कोण कोण उभं हाय, तुला तरी दिसतं का?"

मी घरी येऊन दादांना सांगितलं. त्यांनी धार लावलेली कात्री फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. मग जुन्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा काढला, फूटपट्टी आणि पेन घेतलं आणि एकेका कागदावरची तळाची ओळ खोडायला बसले. मी म्हणाले, चूक भाऊची आहे, तुमची नाही.

"दुसऱ्याच्या हाती द्या, असं इतकी वर्षं लिहिलं," ते म्हणाले. "कुणाच्या हाती, ते कधी लिहिलंच नाही."



तोडणी संपत आली तेव्हा एका सकाळी मावशी आमच्या वारूळवाडीच्या घरी आली. एकटी. पदर कपाळापर्यंत. दादांनी चहा ठेवायला सांगितला, ती नको म्हणाली.

"कातर द्या," ती म्हणाली. "आन् त्ये त्याल, तुमी माझ्या डोस्क्याच्या जखमांस्नी लावलं व्हतं, त्ये."

दादा उठले. "मी येतो, चला. कधी काढायची?"

"तुमी येऊ नका." मग जरा मऊ आवाजात, "कुणीच येऊ नका, दादा. म्या काढते जाऊबाईची. मला आता म्हाईत हाय कुठनं दुखतं ते."

दादांनी कात्री दिली, तेल दिलं, कापूस दिला. कशी धरायची ते दाखवायला गेले आणि थांबले. मावशी डोंगराकडच्या एस.टी.त बसून गेली. त्या दिवशी दादा डेअरीत गेले नाहीत. पुन्हा पुन्हा अंगणात येऊन पश्चिमेकडे बघत राहिले, जसं काही डोंगरापलीकडचं इथून दिसणार होतं.

कात्री परत आली, पुढल्या बाजाराला. त्याच फडक्यात, स्वच्छ धुतलेली. मावशीने ती माझ्या हातात दिली आणि कामावर गेली. दुपारी रस्त्याकडेच्या वावरात तोडणी चालू होती. दोघी जावा बांधावरून येत होत्या. दोघींच्या डोक्यांवर चुंबळ, चुंबळीवर भरलेला क्रेट. थोरलीने एक हात सोडून कमरेवर ठेवला होता.

तिचं डोकं कसं दिसत होतं, ती कशी दिसत होती, हे मी लिहिणार नाही. मला माहीत आहे तुम्हाला ते वाचायचं आहे. पत्रक असतं तर कदाचित लिहिलंही असतं, आधी अशी, नंतर अशी. एवढंच सांगते की क्रेट कलंडला नाही.

तो फोटो अजून फिरतो आहे. मध्ये त्याच्याखाली दुसऱ्याच राज्याचं नाव होतं, नंतर ती दोनशे वर्षं जगलेली साध्वी झाली होती. कपाळावर गोंदण, मागे कुडाची भिंत. तुमच्याकडे आला तर माझी तुम्हाला एक विनंती आहे. त्याखाली काही लिहू नका, चांगलंही नको, नमस्कारही नको. पुसून टाका. आणि ज्याने पाठवला त्याला फोन करा, मेसेज नको, फोनच, आणि स्वतःचं नाव सांगून त्याला एवढंच विचारा की हिला विचारलं होतंस का. तो हसेल. हसणं थांबेपर्यंत फोन ठेवू नका.